अफवेआधीची ओळख

अयोध्येतील बाबरी मशीद ६ डिसेंबर १९९२ रोजी पाडली गेली आणि त्यानंतर मुंबईत डिसेंबर व जानेवारी अशा दोन टप्प्यांत दंगल भडकली. श्रीकृष्ण आयोगाने मृतांची संख्या ९०० नोंदवली. ठाणे मागे टाकून कशेळीची खाडी ओलांडली की लागणारी भिवंडी मात्र या दोन्ही महिन्यांत शांत राहिली. भिवंडीचा इतिहास ज्यांना ठाऊक होता त्यांचा यावर विश्वास बसत नव्हता. मे १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून इथे उसळलेल्या दंगलीची, आणि तिच्या पाठोपाठ जळगाव व महाडला जे घडले त्याची, चौकशी करायला न्यायमूर्ती डी. पी. मादन यांचा आयोग नेमावा लागला होता. मे १९८४ मध्ये शहर पुन्हा पेटले. भिवंडी, ठाणे आणि मुंबई मिळून दोनशेहून अधिक माणसे गेली. पोलिसांच्या भाषेत भिवंडी हे ‘संवेदनशील’ शहर होते. असे शहर देश पेटलेला असताना शांत का राहिले, याचे उत्तर आज नव्याने तपासायला हवे, कारण बातमी, अफवा, मत आणि चिथावणी हे सगळे आता एकाच पडद्यावर, एकाच अंगठ्याच्या हालचालीने फिरते आहे. त्यावर उपाय शोधताना आपण कंपन्यांकडे, न्यायालयांकडे, सरकारकडे पाहतो. महाराष्ट्रातल्या एका यंत्रमागाच्या गावाने यातला सर्वांत कठीण भाग मोबाईल येण्याच्या आधीच सोडवून दाखवला होता. अफवेला थांबवते ती आधीची ओळख, असे त्या प्रयोगाने दाखवले, आणि ऑनलाइन चर्चेला हाच निकष लावायला हवा असे माझे म्हणणे आहे.

तो प्रयोग म्हणजे मोहल्ला कमिटी. १९८८ मध्ये सुरेश खोपडे भिवंडीला पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्याआधीही शहरात शांतता समिती होतीच. पण तिच्यात नेते, व्यापारी, दोन्ही समाजांतले प्रतिष्ठित असत. गणपती, मोहरम, शिवजयंती जवळ आली की तिची बैठक होई, चहा होई, आवाहन होई आणि पुढच्या सणापर्यंत सगळे आपापल्या घरी. खोपड्यांनी ही रचना उलटी केली. एकेका वस्तीची वेगळी कमिटी, अशा शहरभर सुमारे सत्तर कमिट्या त्यांनी उभ्या केल्या. सदस्य हिंदू आणि मुसलमान दोन्ही, आणि शक्यतो साधी माणसे: रिक्षावाले, यंत्रमाग कामगार, दुकानदार, शिक्षक. राजकीय पुढाऱ्यांना त्यांनी जाणीवपूर्वक दूर ठेवले. कमिटीची जबाबदारी साहेबांकडे न ठेवता त्या भागातल्या बीटच्या पोलिसाकडे दिली, म्हणजे ज्याला गल्ली, नळ, पानटपरी आणि तिथले भांडखोर तोंडपाठ असतात त्या माणसाकडे. या बैठका नियमित होत आणि त्यांत धर्माची चर्चा क्वचितच होई. विषय असत पाण्याचे, गटाराचे, नवरा-बायकोच्या भांडणाचे, मुलींच्या छेडछाडीचे, कुणाच्या ओट्यामुळे कुणाची वाट अडली त्याचे. दंगल टाळण्यासाठी नेमलेल्या कमिटीने गटारावर चर्चा करावी हे वरून पाहणाऱ्याला फुटकळ वाटेल. मला मात्र या प्रयोगाचा गाभा नेमका तिथेच दिसतो.

अफवा माणसापर्यंत पोचते तेव्हा ती खरी की खोटी हे ठरवण्याचे साधन त्याच्याजवळ नसते. त्याच्यापुढे एकच प्रश्न असतो, आत्ता विचारायचे कुणाला? १९८४ ची साखळी पाहिली की हे कळते. मुंबईतले एक भाषण, त्याचे उर्दू वर्तमानपत्रातले वृत्त, परभणीत त्याविरुद्ध झालेले निदर्शन, त्याची प्रतिक्रिया म्हणून उठलेला संताप आणि शेवटी भिवंडीत झेंड्यांवरून झालेला वाद. या साखळीतला एकही दुवा संगणकाने किंवा मोबाईलने जोडलेला नव्हता. छापील शब्द, भाषणे आणि चहाच्या टपऱ्या एवढ्यावर ती काही आठवड्यांत पुरी झाली. प्रत्येक टप्प्यावर लोकांनी आपल्याच बाजूच्या माणसाला विचारले, आपल्याच भाषेतला कागद वाचला. भिवंडीत मराठी बोलणारे आहेत, कोकणी मुसलमान आहेत, उत्तर प्रदेशातून आलेले उर्दू बोलणारे विणकर आहेत, पद्मानगरचे तेलुगू पद्मशाली आहेत, मारवाडी आणि गुजराती व्यापारी आहेत. कापडाच्या एकाच धाग्यावर या सर्वांचे पोट चालत असले तरी बातम्यांची वर्तुळे वेगवेगळी होती. मोहल्ला कमिटीने या वर्तुळांमध्ये माणसे ठेवली. गटाराच्या बैठकीत पाच-सहा वेळा एकत्र बसलेले दोघे अफवेच्या रात्री एकमेकांच्या दारावर जाऊ शकतात. बैठकीत कधीच न भेटलेले जाऊ शकत नाहीत, कितीही सदिच्छा असली तरी.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. १९९२ मध्ये भिवंडी शांत राहिली ती १९८४ च्या थकव्यामुळे, मागांच्या धंद्यामुळे, बंदोबस्तामुळे. श्रेय मात्र कमिट्यांनी घेतले, असे म्हणता येईल. थकव्याचे म्हणणे तपासू. १९७० मध्ये इतके भोगल्यावरही १९८४ टळले नाही, म्हणजे भोगलेल्या दुःखाने शहर आपोआप शहाणे होत नाही. धंद्याचेही तसेच. १९७० मध्येही हिंदू व्यापाऱ्याचे सूत मुसलमान विणकराच्या मागावर चढत होते, तरी घरे जळाली. परस्परावलंबन हे दंगलीविरुद्ध पुरेसे कवच असते तर भिवंडीत ती कधी झालीच नसती. बंदोबस्त तर मुंबईतही होता. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी भारतातल्या शहरांची तुलना करून २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात हाच मुद्दा वेगळ्या अंगाने मांडला: शेजारी म्हणून रोज दिसणे पुरेसे नसते, दोन्ही समाज ज्यांत एकत्र काम करतात अशा संस्था शहराला तारतात. एखादी घटना एकाच कारणाने घडली असे म्हणणे धाडसाचे असते, आणि थकवा, धंदा, बंदोबस्त यांचाही वाटा असणारच. पण या गोष्टी आधीही कमीजास्त प्रमाणात होत्या. नवी होती ती मोहल्ला कमिटी. डिसेंबर १९९२ पर्यंत खोपडे भिवंडीतून बदलून गेले होते, तरी कमिट्या उभ्या राहिल्या, हेही ध्यानात घ्यावे. मुंबईत दंगलीनंतर ज्युलिओ रिबेरो, तत्कालीन पोलीस आयुक्त सतीश साहनी, सुशोभा बर्वे यांच्यासारख्यांनी मोहल्ला कमिट्यांचे काम उभे केले, तेव्हा डोळ्यांपुढे भिवंडीच होती.

दुसरा आक्षेप आजच्या वाचकाच्या मनात आधीच आला असेल. तेव्हा अफवेला पायी चालावे लागे, आता ती क्षणात हजार फोनांवर असते. कमिटी जमेपर्यंत सगळे आटोपलेले असेल. या आक्षेपाला १ जुलै २०१८ या एकाच दिवसाने उत्तर दिले आहे. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडे बाजार भरला होता. मुले पळवणारी टोळी फिरते आहे असे संदेश आणि व्हिडिओ त्या काळात व्हॉट्सॲपवरून राज्यभर फिरत होते. मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना तिथे जमावाने ठार मारले. त्याच दिवशी, त्याच अफवेवरून, मालेगावात एका भटक्या कुटुंबाला जमावाने घेरले. मालेगाव म्हणजे भिवंडीसारखेच यंत्रमागांचे, तसेच ‘संवेदनशील’ म्हणून ओळखले जाणारे शहर. तिथे स्थानिक रहिवाशांनी त्या कुटुंबाला घरात आसरा दिला, पोलिसांना कळवले आणि पोलीस येईपर्यंत जमावाला दारात थोपवले. कुटुंब वाचले. दोन्ही ठिकाणी फोन तेच होते, संदेश तेच होते, त्यांचा वेग तोच होता. मालेगावात मध्ये कुणी तरी उभे राहिले आणि ज्याचे ऐकावे अशी माणसे गल्लीत होती. अर्थात अशा दोन घटनांवरून नियम सिद्ध होत नाही, आणि आडगावातला आठवडे बाजार व शहरातला मोहल्ला यांत फरक आहेच. बाजारात सगळेच एकमेकांना परके असतात. मला तर हा फरकच बोलका वाटतो.

राईनपाड्यानंतर केंद्र सरकारने व्हॉट्सॲपला जाब विचारला आणि कंपनीने त्याच महिन्यात भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. २०२० मध्ये अनेकदा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवण्याचे बंधन आले. हे उपाय चांगले होते आणि ते राहायला हवेत. पण त्याच कंपनीने २०२२ मध्ये ग्रुपची सदस्यसंख्या २५६ वरून टप्प्याटप्प्याने १०२४ वर नेली. हजार माणसांच्या ग्रुपमध्ये कोण कोण आहे हे त्यातल्या कुणालाच माहीत नसते. तिथे बोलणारा दहा जणांना उद्देशून लिहितो आणि हजारांना ऐकवतो, आणि उत्तर देणारा माणसाला उत्तर न देता प्रेक्षकांना देतो. चालू घडामोडींवरच्या चर्चा अशा ग्रुपांमध्ये कर्कश का होतात याचे कारण लोकांच्या स्वभावात शोधले जाते. मला ते आकारात आणि अनोळखीपणात दिसते. सरकारचा उपाय याहून बोथट आहे. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात मोबाईलवर ठेवलेल्या स्टेटसवरून तणाव झाला आणि मोबाईल इंटरनेट बंद करण्यात आले. असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत आणि ते बेमुदत असू शकत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन प्रकरणात सांगितले आहे. बंदीमुळे अफवा थांबत असेल तर तिचे खंडनही थांबते. पोलिसांचा खुलासा, मौलवींचे आवाहन, मंडळाच्या अध्यक्षाचा ‘इथे सगळे ठीक आहे’ असा निरोप, हे सगळे त्याच तारेवरून जाते.

आता भिवंडीच्या प्रयोगाची उणी बाजू. ती पाहिल्याशिवाय त्याची भलामण करणे अन्यायाचे होईल. मोहल्ला कमिटी पोलिसांनी बांधली होती, आणि वाद दोन समाजांत असतो तोवर पोलीस मधला माणूस होऊ शकतो. वादात पोलीसच एक पक्ष असला तर काय? ५ जुलै २००६ रोजी हेच घडले. कोटरगेट परिसरात पोलीस ठाण्याच्या बांधकामाला मुसलमान रहिवाशांचा विरोध होता. जमाव जमला, पोलिसांनी गोळीबार केला, दोघांचा मृत्यू झाला आणि त्याच रात्री दोन पोलीस शिपायांची निर्घृण हत्या झाली. पोलिसांविरुद्धची तक्रार पोलिसांच्याच बैठकीत मांडता येत नाही. म्हणून वस्तीतल्या संवादाची सूत्रे पोलिसांच्या हाती असू नयेत. त्यांनी त्या बैठकीला यावे, ऐकावे, उत्तर द्यावे. ऑनलाइन बोलण्याला तर हे अधिकच लागू आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिल्यामुळे आणि ते ‘लाइक’ केल्यामुळे पालघरमधल्या दोन तरुणींना अटक झाली होती. त्यातून उभ्या राहिलेल्या श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द केले. सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून ग्रुपच्या ॲडमिनला गुन्हेगार धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही २०२१ मध्ये स्पष्ट केले. शांततेच्या नावाखाली पोलीस ग्रुपमध्ये डोकावू लागले की लोक तिथे बोलायचे थांबतात आणि ज्या बोलण्यातून ओळख वाढायची तेच संपते.

याहून खोल आक्षेप चळवळीत काम करणाऱ्यांकडून येतो. कमिट्या माणसांना शांत बसवतात. लोकशाहीत मात्र माणसांनी अस्वस्थ व्हायला हवे, रस्त्यावर यायला हवे. भिवंडीत अस्वस्थ होण्यासारखे पुष्कळ आहे. शहराचे वीजवितरण २६ जानेवारी २००७ पासून टोरेंट पॉवर या खासगी कंपनीकडे आले, आणि बिले, मीटर, थकबाकी या प्रश्नांवर मोर्चे निघत राहिले. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत कोसळून चाळीसच्या आसपास माणसे झोपेत मेली. महापालिकेची मुदत जून २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. रस्त्यावरचा खड्डा दाखवायला नगरसेवकच नव्हता. अशा काळात माणसाने खड्ड्याचा फोटो काढून तो समाजमाध्यमावर टाकावा हे स्वाभाविक आहे, आणि त्यात राजकारण नाही असे मी म्हणणार नाही. तक्रार चारचौघांत मांडणे ही राजकारणाची पहिली पायरीच आहे. प्रश्न दुसऱ्या पायरीचा आहे. फोटोखाली दोनशे जण संताप नोंदवतात, आणि त्यातले दहा जण एका टेबलाशी बसून माहिती अधिकाराचा अर्ज लिहीत नाहीत. महाराष्ट्राने माहिती अधिकाराचा कायदा देशाच्या २००५ च्या कायद्याआधीच, २००२ मध्ये केला होता, अण्णा हजारे यांच्या आंदोलनाच्या दबावाखाली. त्या मागणीमागची ताकद गावागावांतल्या ग्रामसभांतून, उपोषणांतून आली होती. विवेक पंडित यांची श्रमजीवी संघटना १९८० च्या दशकात वसई तालुक्यात वेठबिगारांच्या मुक्तीतून उभी राहिली आणि भिवंडी तालुक्यातही पसरली. भिवंडी-वाडा-मनोर रस्त्याच्या दुरवस्थेवर तिने आंदोलने केली, ती पाड्यापाड्यांत आधी उभ्या असलेल्या गाव-समित्यांच्या बळावर. अशा संघटनेच्या हाती फोन आला की निरोप एका दिवसात शंभर पाड्यांत जातो आणि माणसे येतात, कारण निरोप देणाऱ्याला ती ओळखतात. संघटना नसताना फोन आला तर निरोप हजारांपर्यंत जातो आणि येत कुणीच नाही. म्हणून कमिटी की चळवळ ही निवड मला खोटी वाटते. गटाराच्या बैठकीत जी ओळख होते तिचाच उपयोग दंगलीच्या रात्री दार उघडायला होतो आणि बिलाविरुद्धच्या मोर्च्यात शेजारी उभे राहायलाही.

हे सगळे पोलिसांच्या मर्जीवर न सोपवता कायद्यात बसवण्याची जागाही आपल्याकडे आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक केल्या. महाराष्ट्राने २००९ मध्ये महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली, म्हणजे गावात ग्रामसभा असते तशी शहरात मतदान केंद्रांच्या छोट्या गटाची सभा. ती बहुतेक शहरांत कागदावरच राहिली. २०११ च्या जनगणनेत सात लाखांवर गेलेल्या भिवंडीत क्षेत्रसभा खरोखर भरू लागल्या, तर प्रत्येक सभेचा एक ग्रुप, त्यात त्या यादीतलीच माणसे, स्वतःच्या नावाने, आणि चर्चेला त्याच भागातले प्रश्न, हे तंत्रज्ञानाच्या दृष्टीने आजही सहज शक्य आहे. त्यात देशाच्या राजकारणावर वाद होतील, व्हायलाच हवेत. पण वाद घालणारे दोघे नळावरही भेटणारे असतील. आणि इथे ऑनलाइन माध्यमाने मोहल्ला कमिटीची एक मोठी उणीव भरून काढता येते. संध्याकाळच्या बैठकीला बायका फारशा येत नसत, बारा तासांच्या पाळीवर माग चालवणारा बिहारी किंवा ओडिया कामगारही येऊ शकत नसे, आणि मानकोली-दापोड्याच्या गोदामांत रात्रपाळीला जाणारा तरुण तर तेव्हा नव्हताच. यांच्या हाती आज फोन आहे. परगावच्या मतदार यादीत नाव असलेल्या कामगाराला क्षेत्रसभेत कायद्याने जागा नाही, त्या गल्लीत तो वीस वर्षे राहत असला तरी. त्याला त्या ग्रुपमध्ये घ्यायला मात्र कोणताही कायदा आडवा येत नाही. भिवंडीतल्या शांतीनगरच्या किंवा गैबीनगरच्या रहिवाशांनी फक्त ठरवायचे आहे.